पाच पूर्णांक सात

कॉलेजच्या पहिल्या दिवशी ती माझ्या शेजारी येऊन बसली, तेव्हा मला वाटलं कुणाची तरी आई चुकून वर्गात शिरली आहे. चौतीस-पस्तीसची बाई, खांद्याला कापडी पिशवी, केस घाईघाईत वर बांधलेले. मी जरा सरकले आणि म्हटलं, "काकू, पालकांची सभा वरच्या मजल्यावर आहे."

"पालक नाही मी. प्रवेश घेतलाय," ती म्हणाली. "आणि पुन्हा काकू म्हणालीस तर बाक बदलेन."

तिनं बाक बदलला नाही. पण शेजारी शांतपणे बसली असंही नाही. तिचा उजवा पाय सतत हलायचा. बाक लाकडी आणि लांब होता, त्यामुळे तिच्या पायाबरोबर माझं पेनही हलायचं. पहिल्या महिन्यातल्या माझ्या सगळ्या वह्या बैलगाडीत बसून लिहिल्यासारख्या दिसतात.

तिला घरात भिंगरी म्हणत. मामानं ठेवलेलं नाव. वडील लवकर गेले, आई कपडे शिवायला बाहेर जायची, म्हणून ती शाळा सुटली की मामाच्या कारखान्यात जाऊन बसायची. कारखाना कसला, एक लांबट खोली होती. तिथे मामा काचेच्या नळ्या ज्योतीवर मऊ करून त्यांची अक्षरं वळवायचा. दुकानांवर रात्री लाल-निळी पेटतात ती अक्षरं. नळी वळली की तिच्यातली हवा पंपानं काढायची, निऑन किंवा आर्गॉन भरायचा, दोन्ही टोकं बंद करायची. भिंगरी चौदाव्या वर्षी हे काम शिकली आणि वीस वर्षं करत राहिली. तिच्या बोटांच्या टोकांवर भाजल्याचे गुळगुळीत पांढरे डाग होते. लॅबमध्ये आम्ही गरम नळी चिमट्यानं उचलायचो, ती सरळ हातानं उचलायची.

ती कॉलेजात का आली, हे तिनं मला दुसऱ्याच दिवशी सांगितलं. एका औषधाच्या दुकानावरच्या लाल पाटीतलं एक अक्षर आठवडाभरात जांभळट झालं होतं. मामा म्हणाला, कुठेतरी चीर गेली असेल, हवा शिरली असेल.

"मी विचारलं, हवा शिरली तर जांभळं का? हवेला कुठे रंग असतो? मामा म्हणाला, असंच असतं." तिनं पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. "वीस वर्षं मी असंच असतं ऐकतेय. लाल का, असंच असतं. निळं का, असंच असतं. त्या दिवशी माझं डोकं फिरलं. घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, अहो, मी बाहेरून बारावी देते. ते म्हणाले, दे."

तिचा नवरा शिंपी होता. बायकोच्या अगदी उलट. शिलाई यंत्रावर बसला की जेवायलाच उठणारा. "आमच्या घरात एक स्थावर आणि एक जंगम मालमत्ता आहे," असं तो मला पुढे एकदा म्हणाला होता.

सकाळची बॅच कामकरी लोकांसाठी म्हणून काढलेली होती, पण प्रत्यक्षात आम्ही चोवीसपैकी तेवीस जण अठरा-एकोणीस वर्षांचे होतो. रसायनशास्त्राच्या मॅडम स्वतः तिशीच्या. त्या आम्हा सगळ्यांना अरेतुरे करायच्या आणि भिंगरीला अहोजाहो. भिंगरीला ते टोचायचं.

"मॅडम, मला तुम्ही म्हणू नका. तुम्ही म्हटलं की मला उत्तर यायलाच हवं असं वाटतं."

"मग उत्तर येऊ द्या की," मॅडम म्हणाल्या. वर्ग हसला. अहोजाहो तसंच राहिलं.

पहिलं प्रकरण उष्मारसायनाचं होतं. कोणत्या अभिक्रियेत किती उष्णता बाहेर पडते, किती आत घेतली जाते, त्याचं शास्त्र. मॅडमनी फळ्यावर लिहिलं: उष्णता बाहेर पडली तर डेल्टा एच, म्हणजे उष्णतेतला बदल, उणे. भिंगरीचा पाय थांबला. ती उभीच राहिली.

"हात भाजतो आणि तुम्ही उणे लिहिता?"

"कुणाच्या बाजूनं मोजतो ते बघा. अभिक्रियेच्या घरातून उष्णता गेली, म्हणून तिच्या घरात उणे. तुमच्या हाताला मिळाली, तिथे अधिक."

"मी कायम हाताच्या बाजूनंच मोजत आलेय हो," भिंगरी म्हणाली आणि खाली बसली. पटलं असावं असं मला वाटलं. पुढे कळलं, डोक्याला पटलं होतं, हाताला नव्हतं. गणित सोडवताना ती दर वेळी हाताची बाजू घ्यायची आणि चिन्ह उलटं पडायचं.

तिनं माझं नाव टापटीप ठेवलं, कारण मी समासाची रेघ पट्टीनं मारायचे. मला ते नाव मनातून आवडलं होतं. मी खरंच टापटीप होते. आणि पुढचं सगळं त्या टापटिपीमुळेच झालं.

पहिलं मोठं प्रॅक्टिकल होतं आम्ल आणि अल्कली एकत्र केल्यावर निघणारी उष्णता मोजायचं. एका लाकडी पेटीत कापूस ठासून मध्ये काचेचा बीकर बसवलेला. त्यात पन्नास मिली आम्ल. त्यावर पन्नास मिली अल्कली ओतायची, झाकण लावायचं, ढवळायचं आणि तापमान किती अंशांनी चढतं ते बघायचं. थोडी उष्णता बीकरची काचही पिऊन टाकते. ती किती, याचा आकडा भिंतीवर तेलरंगात लिहिलेला होता: भांड्याचा जलतुल्यांक दहा ग्रॅम. म्हणजे तो बीकर दहा ग्रॅम पाण्याइतकी उष्णता खातो असं धरायचं. दोन्ही द्रवांच्या शंभरात हे दहा मिळवायचे, गुणाकार-भागाकार करायचा, आणि उत्तर पुस्तकातल्यासारखं उणे सत्तावन्नच्या आसपास यायला हवं.

भिंगरी आणि मी एका पेटीवर होतो. तिनं ओतलं, मी ढवळलं. पारा पाच पूर्णांक सात अंश चढला आणि थांबला. दोघींनी वाकून पाहिला. मी गणित केलं. बावन्न आलं.

वरच्या वर्गातल्या मुलींनी मला आधीच सांगून ठेवलं होतं की इथे सगळ्यांचं बावन्न येतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. सत्तावन्नवरून उलटं गणित करायचं. तापमान सहा पूर्णांक दोन अंश चढायला हवं असं निघतं, तेवढं लिहायचं. मी सहा पूर्णांक दोन लिहिलं. सुंदर अक्षरात, चौकटीत. आजूबाजूला सगळ्यांनी तेच लिहिलं.

भिंगरीनं पाच पूर्णांक सात लिहिलं.

लॅबच्या काकांनी तिचं जर्नल परत केलं, आकड्याभोवती लाल गोल काढून. हे काका लॅबमध्ये सामान द्यायचे आणि जर्नलं तपासून मॅडमकडे पाठवायचे. "पुन्हा करा," ते म्हणाले.

"पुन्हा केलं तरी तेच येईल."

"बाकीच्यांचं आलंय ना बरोबर?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी माझी पट्टी पुसत होते.

पुढच्या आठवड्यात तिनं ते पुन्हा केलं. पाच पूर्णांक सहा. त्यानंतर पाच पूर्णांक आठ. त्यानंतर पुन्हा सात. आम्ही पुढच्या प्रयोगांना गेलो, ती प्रत्येक प्रॅक्टिकलच्या शेवटी अर्धा तास मागून त्या पेटीपाशी जायची. तिला वाटलं तापमापी खोटं बोलत असेल, म्हणून तिनं तो वितळत्या बर्फात बुडवून पाहिला. शून्य दाखवलं, अगदी इमानदारीत. मग तिला आम्लाचा संशय आला, त्याची ताकद पुन्हा मोजून घेतली. ठीक निघाली. मग झाकणाच्या भोकातून वाफ जात असेल म्हणून ती नवऱ्याच्या दुकानातून कोटाच्या कॉलरमध्ये घालतात तसलं जाड कापड घेऊन आली आणि झाकणाला त्याची दुहेरी गादी शिवली. पाच पूर्णांक सात.

"अगं, सोड ना," मी म्हटलं. "एका प्रयोगाचे मार्क किती असतात?"

"मार्कांचं नाही गं. कुठे गेली ते कळत नाहीये."

"काय कुठे गेली?"

"उष्णता! निघाली तर आहे. मला मिळाली नाही. मग कुणाला मिळाली?"

ती झोपत नव्हती असं नाही, पण जागेपणी तिचं लक्ष कुठेच नसायचं. कारखान्यात तिनं एका हॉटेलच्या पाटीचं शेवटचं अक्षर आरशात पाहिल्यासारखं उलटं वळवलं. मामा भडकला. वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. "शिकायला गेलीस की विसरायला?" तो म्हणाला. तिनं ती नळी तोडून पुन्हा वळवली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात मला सगळं सांगताना स्वतःच हसत होती, पण पाय हलतच होता.

मध्येच अणुरचनेचं प्रकरण सुरू झालं, आणि त्या दोन आठवड्यांत मी भिंगरीला आनंदानं अस्वस्थ झालेली पाहिली. अस्वस्थपणात इतके प्रकार असतात हे मला तेव्हा कळलं. मॅडमनी सांगितलं की अणूतले इलेक्ट्रॉन वाटेल तितकी ऊर्जा घेऊन फिरत नाहीत. त्यांच्या जागा ठरलेल्या असतात. वरच्या जागेवरून खालच्या जागेवर येताना मधला फरक प्रकाश होऊन बाहेर पडतो. जागा ठरलेल्या, म्हणून फरकही ठरलेला, म्हणून रंगही ठरलेला. मग त्यांनी प्लॅटिनमच्या तारेवर मिठाचे दोन कण घेतले आणि बर्नरच्या ज्योतीत धरले. ज्योत भपकन पिवळी झाली.

"हे आमचं पिवळं आहे!" भिंगरी ओरडली.

सगळे वळून बघायला लागले. ती टेबलाजवळ गेली होती. "मॅडम, काच मऊ व्हायला लागली की ज्योत अशीच पिवळी होते. मामा म्हणतो काच पिकली. मला वाटायचं तो आगीचाच रंग."

"काचेत सोडियम असतो," मॅडम म्हणाल्या. "मिठातही तोच. तुम्ही वीस वर्षं सोडियम बघत होतात."

"आणि हवेचं जांभळं?"

मॅडमना त्या अक्षराची गोष्ट माहीत नव्हती. भिंगरीनं ती घाईघाईत सांगितली, अर्धी वाक्यं गिळत. मॅडम म्हणाल्या की हवेत बहुतेक नायट्रोजन असतो. साध्या उजेडात त्याला रंग नाही, पण नळीतून वीज गेली की त्याचे रेणू चेततात आणि परत शांत होताना स्वतःचा रंग सोडतात, तो जांभळट गुलाबी. मग त्यांनी कपाटातून बारीक रेघा मारलेली एक पारदर्शक पट्टी काढून तिच्या हातात दिली. तिच्यातून उजेड पाहिला की त्याचे रंग सुटे होतात.

"आठवड्यानं परत आणा," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी भिंगरी वर्गात आली ती धावतच. तिनं कारखान्यातली लाल नळी त्या पट्टीतून पाहिली होती. "एक लाल नाहीच आहे तो! लाल, नारिंगी, पिवळ्या, नुसत्या रेघाच रेघा. कुंपणासारख्या. मी एक लाल बनवते म्हणून सांगत होते लोकांना. खोटारडी मी." मामालाही तिनं बळंच बघायला लावलं होतं. मामानं पट्टी डोळ्याला लावली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "पण गिऱ्हाईकाला लालच दिसतंय ना?"

या सगळ्यात मला वाटलं ती पाच पूर्णांक सात विसरली. पण तसं झालं नाही.

डिसेंबरात आमच्यापैकी एकानं पेटीतला बीकर फोडला. नवे संपले होते म्हणून काकांनी मागच्या कपाटातून, जुन्या कागदात गुंडाळलेला एक बीकर काढला आणि भिंगरीच्या हातात दिला, तिकडे पोचवा म्हणून. ती दोन पावलं चालली आणि थांबली. तो बीकर तिनं डाव्या हातात घेतला, टेबलावरचा रोजचा बीकर उजव्या हातात. दोन्ही हात जरा वरखाली केले. मग दोन्ही टेबलावर ठेवून एकेकाला नखानं टिचकी मारली. एक लांब वाजला. दुसरा ठक्क झाला.

"काका, हे दोन वेगळे आहेत."

"दोन्ही अडीचशे मिलीचेच आहेत."

"मापाला सारखे आहेत. काच वेगळी आहे. ही पातळ, ही जाड."

तिनं परवानगी विचारली नाही. दोन्ही तराजूवर ठेवले. जुना पन्नास ग्रॅम भरला, रोजचा शंभर. मग ती वळली आणि भिंतीवरच्या तेलरंगातल्या आकड्याकडे बघत राहिली. "काका, भिंतीवर हे कधी लिहिलं?"

"मी यायच्या आधीपासून आहे."

"आणि जाडे बीकर कधी आले?"

"झाली असतील बारा-तेरा वर्षं. पातळ फार फुटायचे."

  तिनं मला हाक मारली, "टापटीप, ये गं, पारा बघ," आणि मी गेले. जाड बीकरमध्ये पन्नास मिली गार पाणी घेतलं, चोवीस अंशांचं. त्यावर चव्वेचाळीस अंशांचं पन्नास मिली ओतलं. काचेनं काहीच खाल्लं नसतं तर बरोबर मध्ये, चौतीसवर थांबायला हवं होतं. ते बत्तीस पूर्णांक तीनवर थांबलं. तिनं गणित केलं, मी तपासलं. जाड बीकर दहा नव्हे, वीस ग्रॅम पाण्याइतकी उष्णता खात होता.

मग तिनं आपलं जर्नल उघडलं. शंभरात दहाऐवजी वीस मिळवले. पाच पूर्णांक सात तसंच ठेवलं. उत्तर आलं सत्तावन्न पूर्णांक दोन.

मला वाटलं ती उड्या मारेल. तिनं पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"तूही पाच पूर्णांक सातच पाहिलं होतंस ना?"

तिच्या आवाजात राग नव्हता. खरोखरच विचारत होती. मला हो म्हणायची लाज वाटली, आणि त्या लाजेनंच मला तिचा भयंकर राग आला. मी म्हटलं, "तू काय स्वतःला फार मोठी समजतेस का?" आणि माझी पिशवी उचलून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी, काकांकडून सगळं कळल्यावर, मॅडमनी आम्हा सगळ्यांची जर्नलं टेबलावर मांडली. तेवीस जर्नलं, तेवीस वेळा सहा पूर्णांक दोन. त्या आम्हाला ओरडल्या नाहीत. बराच वेळ पानं चाळत राहिल्या आणि म्हणाल्या, "मीही याच लॅबमध्ये शिकले. जाड बीकर तेव्हा नुकतेच आले होते. माझ्याही जर्नलमध्ये सहा पूर्णांक दोन आहे." मग त्या खिडकीकडे गेल्या, परत आल्या, आणि म्हणाल्या, "पुढच्या सोमवारी सगळे पुन्हा करणार. मीसुद्धा."

वर्ग भिंगरीवर चिडला. परीक्षा महिन्यावर आली होती, एक अख्खा सोमवार गेला. कुणी तिला "बीकरबाई" म्हणू लागलं. मी बाक बदलला. ती लांब बाकावर एकटी बसायची, आणि मागून पाहिलं तर बाक हलताना दिसायचा. माझं अक्षर आता सुरेख येत होतं.

परीक्षा झाली. लेखी पेपरात ती शेवटचा अर्धा तास शिल्लक असताना उठून गेली. मला वाटलं सगळं आलं म्हणून. निकाल लागला तेव्हा मला रसायनशास्त्रात एकाहत्तर मिळाले होते आणि ती नापास झाली होती. पास व्हायला चाळीस लागायचे, तिला तेहतीस.

मला आनंद व्हायला हवा होता, निदान हायसं तरी. तसं काही झालं नाही. दोन दिवस माझं कशातच लक्ष लागेना. जेवायला बसले तरी आई म्हणायची, पाय का हलवतेस? तिसऱ्या दिवशी दुपारी मी कारखान्याचा पत्ता विचारत विचारत गेले.

खोलीच्या एका भिंतीला काचेच्या नळ्यांच्या उभ्या जुड्या टेकवलेल्या होत्या. मामा, पांढऱ्या मिशांचा बुटका माणूस, पंपाशी बसला होता. भिंगरी लांबट बर्नरवर नळी फिरवत होती. दातांत रबरी नळीचं टोक, त्यातून ती अधूनमधून हळूच फुंकायची, म्हणजे वळणावर काच चपटी होत नाही. तिचा पाय स्थिर होता. मी तो इतका वेळ स्थिर पहिल्यांदाच पाहिला. ज्योत पिवळी झाली, तिनं नळी उचलली, कागदावरच्या आकृतीवर टेकवली आणि एका दमात वळवली.

मग रबरी नळी तोंडातून काढून म्हणाली, "ये, टापटीप. बस. तिथे नको, तिथली काच अजून गरम आहे."

"मी पाच पूर्णांक सात पाहिलं होतं," मी म्हटलं.

"माहीत आहे मला."

"सगळ्यांनी तसंच लिहिलं म्हणून..."

"माहीत आहे गं," ती म्हणाली. "मी तुला तसं विचारायला नको होतं. सगळ्यांसमोर तरी."

मामानं पंप बंद केला. "हिच्या पेपराचं काय झालं ते विचार आधी," तो मला म्हणाला. "तो बीकर कसा जाड ते हिला कळतं. पेपरात काय लिहायचं ते नाही कळत."

तिनं गुणपत्रिकेबरोबर मागवलेली उत्तरपत्रिका दाखवली. उष्मारसायनाची सात गणितं होती. सातही गणितांच्या पायऱ्या बरोबर, सातही उत्तरांचे आकडे बरोबर, सातही चिन्हं उलटी. आणि अणुरचनेच्या मोठ्या प्रश्नापाशी ती आलीच नव्हती.

"उठून का गेलीस?"

"बसवेना," ती म्हणाली. "अडीच तास झाल्यावर माझं अंग माझं ऐकत नाही. मला वाटलं, आता उठले नाही तर ओरडेन."

पुन्हा परीक्षा सहा महिन्यांनी होती. मी आठवड्यातून तीन दुपारी कारखान्यात जाऊ लागले. चिन्हांचं काय करायचं ते मला सुचलं नाही, तिच्या नवऱ्याला सुचलं. तो तयार कपडे पोचवायला आला होता. आमचं ऐकत उभा राहिला आणि म्हणाला, "मी माप घेतो ते अंगाचं. पण कापतो कापड. कापडाच्या बाजूनं विचार केला नाही तर सदरा आखूड होतो. तू प्रत्येक गणिताच्या वर लिहून ठेव, आता मी कुणाच्या बाजूनं बोलतेय." भिंगरीनं तेव्हापासून प्रत्येक गणिताच्या डोक्यावर लिहायला सुरुवात केली: अभिक्रियेकडून. चिन्हं सरळ पडू लागली. तरी दहातलं एक चुकायचंच.

बसण्याचं मात्र कुणालाच काही करता आलं नाही. मॅडमनी परीक्षा विभागाला अर्ज करून तिला शेवटच्या रांगेत, भिंतीजवळची जागा मिळवून दिली. तिथे दर अर्ध्या तासानं उभं राहून लिहायची परवानगी होती. पर्यवेक्षक म्हणे तिच्याकडे पेपरभर संशयानं बघत होता. ती शेवटच्या मिनिटापर्यंत थांबली. छप्पन्न मार्क मिळाले. मामानं आकडा ऐकला आणि म्हणाला, "शंभरातले?" आणि मग बराच वेळ नाक पुसत बसला.

भिंतीवरचा आकडा मॅडमनी खरवडून काढला. त्या जागी नवा आकडा लिहिला नाही. त्या वर्षापासून प्रत्येक जोडीनं आपल्या बीकरचा जलतुल्यांक स्वतः काढायचा असं ठरलं. पुढच्या वर्गाला त्यामुळे एक प्रॅक्टिकल वाढलं, आणि ते कुणामुळे वाढलं हे त्यांना काका आवर्जून सांगायचे.

पाट्यांचं काम पुढच्या दोन वर्षांत आटलं. प्लास्टिकच्या दिव्यांच्या पट्ट्या आल्या, त्या कुणीही कात्रीनं कापून लावू शकतं. मामानं बर्नर विकला नाही, पण पंप झाकून ठेवला. भिंगरी एका प्रयोगशाळेचं काचसामान बनवणाऱ्या कारखान्यात लागली. रोज साठ चंबू, सगळे एकसारखे. सात महिन्यांत सोडलं. "चंबू चांगले होते," ती म्हणाली, "मी साठाव्यापर्यंत वेडी व्हायचे." त्यानंतर तिला एका संशोधन संस्थेत काम मिळालं. तिथे दर वेळी वेगळीच वस्तू बनवायची असते. कुणाला तीन तोंडांची नळी हवी, कुणाला दुहेरी भिंतीचं भांडं. पदवीही चालू होती. नापास, पास, एक वर्ष सुट्टी, पुन्हा नापास, पास.

मला नोकरी लागली, मी दुसऱ्या गावी गेले, फोन कमी झाले. गेल्या महिन्यात मी जुन्या गावी बसथांब्यावर उभी असताना कुणीतरी मागून म्हणालं, "टापटीप, पट्टी कुठे आहे?" केस पिकायला लागलेले. खांद्याला अजूनही कापडी पिशवी.

"पदवी झाली?"

"झाली. सहा वर्षांत. तीनात करायची असते म्हणे." ती हसली. "मामा आला होता पदवीदान बघायला. टोपी उलटी घातली म्हणून ओरडला."

"आता काय करतेस?"

"संस्थेत नवा पंप आलाय. त्याचं पुस्तक परक्या भाषेत आहे. कुणालाच वाचता येत नाही. सगळे म्हणतात कंपनीचा माणूस येईपर्यंत थांबू." तिनं पिशवीतून एक वही काढली. अक्षरं गिचमिड, प्रत्येक ओळीपुढे अर्थ. "चाळीस पानं झाली. क्रियापद शेवटी येतं या लोकांचं, आपल्यासारखंच. तुला येते का ही भाषा?"

"नाही गं."

"शिक की मग. बसून काय करतेस?"

तेवढ्यात तिची बस आली. ती चढली, पुढच्या दाराशी दांडी धरून उभी राहिली. आत बऱ्याच जागा रिकाम्या होत्या.